पॉलिसीत न बसणारा पाळणा

धुळ्यात पाच कंदिलाच्या बाजूला असो की साक्री रोडला, 'मोफत वंध्यत्व निवारण शिबिर' असा फलक अधूनमधून दिसतोच. शिबिरात मोफत असतो तो सल्ला. पुढच्या तपासण्या, औषधं, इंजेक्शनं आणि शेवटी 'टेस्ट ट्यूब बेबी', म्हणजेच आयव्हीएफ, हे सगळं जोडप्याच्या खिशातून जातं, आणि बहुतेकांची विमा कंपनी त्यातला एक रुपयाही देत नाही. कोणत्या पायरीवर किती खर्च येतो, पैसा कुठे वाया जातो आणि माणूस कुठे खचतो, हे आपण क्रमानं पाहू. वैद्यकाची माहिती नसली तरी चालेल, घरचा हिशेब मांडता आला की पुरे.

आधी प्रश्न येतो, डॉक्टरांकडे जायचं कधी. लग्नाला सहा महिने झाले की आपल्याकडे 'गोड बातमी कधी?' सुरू होतं, पण वैद्यकशास्त्र त्यापेक्षा सबुरीचं आहे. कोणतंही गर्भनिरोधक न वापरता एक वर्ष एकत्र राहूनही दिवस राहिले नाहीत, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. कायद्यातली व्याख्याही हीच. पत्नीचं वय पस्तिशीपुढे असेल तर मात्र सहा महिन्यांतच जावं. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पोटाचं ऑपरेशन किंवा टीबी होऊन गेला असेल, तर तेवढंही थांबू नये.

इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. कुणी चौथ्या महिन्यातच महागड्या तपासण्या करून मोकळं होतं, तर कुणी भगत, अंगारा-धुपारा आणि भिंतीवरच्या जाहिरातीतले वैद्य यांत पाच वर्षं घालवतं. दुसरी चूक जास्त महाग पडते. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो आणि पस्तिशीनंतर तो झपाट्यानं कमी होतो. गेलेली वर्षं कोणत्याही दवाखान्यात विकत मिळत नाहीत.

पहिली तपासणी नवऱ्याची. हे मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण घरोघरी ती शेवटी होते, आणि कधीकधी होतच नाही. वीर्यतपासणीला काही शे रुपये लागतात, फार तर हजार-दीड हजार. सुई नाही, भूल नाही. साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं कारण सापडतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीला. तरीही बायकोच्या नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीचं ऑपरेशन, दोन वर्षांच्या गोळ्या असं सगळं होऊन गेल्यावर नवऱ्याचा रिपोर्ट निघतो आणि त्यात शुक्राणू जवळजवळ शून्य असतात. तोवरचा खर्च पाण्यात गेलेला असतो.

नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा असतो. एक रिपोर्ट खराब आला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. ताप, आजारपण, तंबाखू-गुटखा, दारू यांचा परिणाम दिसतो, आणि नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. व्यसन सोडल्याचा फायदाही तीन महिन्यांनीच कळतो. शून्य आले तरी रस्ता संपत नाही. पण तो कोणता, ते ठरवायला मूत्ररोगतज्ज्ञ लागतो, ताकदीच्या गोळ्या विकणारा नाही.

मग पत्नीच्या तपासण्या. थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि साखर यांसाठी रक्त, पोटाची सोनोग्राफी, आणि एचएसजी. एचएसजी म्हणजे गर्भाशयात औषध सोडून काढलेला एक्स-रे. गर्भाशयापासून बीजाशयापर्यंत जाणाऱ्या दोन नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत, ते त्यात दिसतं. पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांतच तो करतात, म्हणून तारीख आधी ठरवून जावं, नाहीतर धुळ्याची एक फेरी फुकट जाते.

एएमएच नावाच्या रक्ततपासणीबद्दल थोडं थांबून सांगतो. बीजांचा साठा किती उरला आहे, याचा अंदाज ती देते. बीज चांगलं की वाईट, हे तिला सांगता येत नाही, आणि नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हेही नाही. पण 'एएमएच कमी आहे, आता थेट आयव्हीएफच' हे वाक्य ऐकून घाबरलेली, अठ्ठावीस-तीस वर्षांची जोडपी कमी नाहीत. आकडा कमी असेल तर घाई करावी हे खरं. पण वय, नळ्या आणि नवऱ्याचा रिपोर्ट यांच्याशिवाय एकट्या त्या आकड्यावर दीड-दोन लाखांचा निर्णय घेऊ नये.

या टप्प्यावर सर्वांत जास्त पैसा जातो तो त्याच तपासण्या पुन्हा करण्यात. धुळ्याचे डॉक्टर बदलून जळगावला गेलं की नव्या तपासण्या, तिथून नाशिकला गेलं की पुन्हा नव्या. एक जाड फाईल करा. त्यात तारखेनुसार रिपोर्ट, एचएसजीची फिल्म आणि कोणत्या महिन्यात कोणती गोळी घेतली त्याची चिठ्ठी ठेवा. नवे डॉक्टर 'पुन्हा करा' म्हणाले तर 'जुन्यात काय कमी आहे?' असं विचारा. काही रिपोर्ट खरोखर जुने होतात, सगळे नाही.

आपल्या भागात नळ्या बंद होण्यामागे जननमार्गाचा टीबी हे एक महत्त्वाचं कारण आहे. खोकला नसतो, वजनही घटत नाही, फक्त मूल राहत नाही. हा आजार सापडला तर औषधं सरकारी दवाखान्यात पूर्ण मोफत मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. पण उलट बाजूही लक्षात ठेवा. केवळ पीसीआर ही एकच तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू करणं योग्य नाही. इतर पुरावा काय आहे, ते विचारा.

बऱ्याच जोडप्यांचं काम याच पायरीवर होतं. थायरॉईडची गोळी, वजन थोडं उतरवणं, बीज तयार होण्यासाठी पाळीच्या सुरुवातीला पाच दिवसांच्या गोळ्या आणि बीज कधी फुटतं ते पाहणारी फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे एका महिन्यातल्या तीन-चार सोनोग्राफी. खर्च महिन्याला काही हजारांत राहतो. बीज नीट तयार होत असूनही सहा महिन्यांत फळ आलं नाही, तर त्याच गोळ्या वर्षभर ओढण्यात अर्थ नाही. पुढे काय, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आता विम्याकडे येऊ. घरात मेडिक्लेम असेल तर पॉलिसीची पुस्तिका काढा आणि वगळलेल्या गोष्टींच्या यादीत 'एक्सक्ल १७' हा क्रमांक शोधा. विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिलेली ही नोंद आहे. कृत्रिम गर्भधारणा, आयव्हीएफ, इक्सी (एकेका बीजात सुईनं शुक्राणू सोडणं), सरोगसी, नसबंदी आणि ती उलटवण्याचं ऑपरेशन हे सगळं तिच्यात येतं. 'एक्सक्ल १८' हा बाळंतपणाचा. म्हणजे साध्या पॉलिसीत मूल राहण्याचा खर्च नाही आणि होण्याचाही नाही. एजंट 'सगळं कव्हर आहे' म्हणाला असेल तर त्याला हेच दोन क्रमांक दाखवा.

काही पॉलिसी या यादीतून सूट देतात, पण दोन-तीन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आणि ठरावीक रकमेपुरती. मोठ्या कंपन्यांच्या गट विम्यात कधीकधी ही सोय असते. पुण्या-नाशिकला नोकरी करणाऱ्या मुलामुलींनी एचआरला एक मेल टाकून विचारावं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

पॉलिसीत बसतं ते वेगळंच असतं, आणि ते लोक सोडून देतात. गर्भाशयातली गाठ, चॉकलेट सिस्ट, खूप दुखणारा एंडोमेट्रिओसिस यांची ऑपरेशनं हे स्वतंत्र आजारांचे उपचार आहेत. प्रतीक्षाकाळ संपला असेल तर त्यांचा क्लेम होऊ शकतो. मात्र डिस्चार्ज कार्डावर 'वंध्यत्वासाठी दुर्बीण' एवढंच लिहिलेलं असेल तर कंपनी क्लेम नाकारते. खोटं लिहून घेऊ नका, पण दुखणं होतं, रक्तस्राव होता, गाठ इतक्या सेंटीमीटरची होती हे खरं असेल, तर ते सगळं कागदावर आलंच पाहिजे. ऑपरेशनच्या आधी कंपनीची लेखी मंजुरी घ्या.

आणि आयुष्मान कार्ड? पाच लाखांचं कार्ड हातात असल्यानं अनेकजण आशेनं विचारतात. आयुष्मान भारत योजनेतून वगळलेल्या उपचारांत वंध्यत्वाचे उपचार आहेत. महाराष्ट्रात ती महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या जोडीनं चालते, पण आयव्हीएफच्या बिलाला हे कार्ड लागत नाही. 'कार्डावर करून देतो' असं कुणी म्हणालं तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी आजाराच्या नावानं फाईल करणार आहे. त्यात सही आपली असते.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मात्र दार थोडं उघडं आहे. २०११च्या आदेशानं त्यांच्यासाठी आयव्हीएफच्या एका फेरीला ६५,००० रुपयांपर्यंत आणि तीन फेऱ्यांपर्यंत परतावा ठरला. मुख्य अट अशी की परवानगी आधी घ्यावी लागते. आधी उपचार करून मग बिलं घेऊन जाणाऱ्यांची फाईल अडते. भुसावळचे रेल्वे कर्मचारी, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणीतले लोक यांनी खासगी दवाखान्यात पैसे भरण्यापूर्वी आपल्या विभागाच्या दवाखान्यात नियम विचारून घ्यावा.

विमा नाही, योजना नाही, तर पुढची पायरी स्वतःच्या पैशांची. ती आययूआयची. धुतलेले, निवडलेले शुक्राणू बारीक नळीनं थेट गर्भाशयात सोडतात. पाच-दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही. औषधं आणि सोनोग्राफी धरून एका वेळेला साधारण सात ते पंधरा हजार येतात. यश एका वेळेला शंभरातल्या दहा-पंधरा जोडप्यांना मिळतं. तीन-चार वेळा करून झालं नाही तर पुढचा विचार करावा. दोन्ही नळ्या बंद असतील तर आययूआयचा उपयोगच नाही. तरीही नळ्या न तपासता केलेल्या आययूआयच्या पावत्या फाइलींत सापडतात.

आयव्हीएफकडे वळण्यापूर्वी दवाखाना तपासायचा. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ साली झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याखाली प्रत्येक केंद्राला नोंदणी लागते. पहिल्या स्तराचं केंद्र आययूआयपर्यंतच काम करू शकतं, दुसऱ्या स्तराचं आयव्हीएफ करू शकतं. प्रमाणपत्र कुठे लावलं आहे ते विचारा आणि त्यावरचा स्तर वाचा. आपल्या गावातला दवाखाना पहिल्या स्तराचा असेल तर इंजेक्शनं इथे आणि बीज काढणं नाशिकला किंवा सुरतेला, अशी वाटणी होते. तसं असेल तर कोणत्या कामाचं बिल कोण देणार आणि रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार, हे आधी ठरवून घ्या.

याच कायद्यानं केंद्रावर काही बंधनं घातली आहेत. यशाची शक्यता, धोके, जुळ्यांचा धोका आणि खर्च हे सगळं जोडप्याला समजावून सांगायचं. तक्रार ऐकायची सोय ठेवायची. शेवटी कोणती प्रक्रिया केली याचं डिस्चार्ज प्रमाणपत्र द्यायचं. पत्नीचं वय पन्नाशीच्या आत आणि पतीचं पंचावन्नच्या आत हवं. 'मुलगाच देतो' असं कुणी सुचवलं तर ते ऐकून घेण्यातही शहाणपण नाही. त्याला पाच ते दहा वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

आता एस्टिमेट. फोनवर 'नव्वद हजारांत आयव्हीएफ' सांगतात, ते खोटं नसतं, पण अपुरं असतं. कोरा कागद घ्या आणि एकेका ओळीपुढे रक्कम लिहून मागा. इंजेक्शनं, बीज काढणं आणि भूल, प्रयोगशाळा, इक्सी, गर्भ गोठवणं, वर्षाचं भाडं, गोठवलेला गर्भ नंतर आत सोडणं, त्यापुढची औषधं. नव्वद हजारांत बहुधा यातल्या दोन-तीनच ओळी असतात. इंजेक्शनंच पन्नास हजार ते लाखभर जातात, कारण डोस वयावर आणि साठ्यावर ठरतो. गोठवलेला गर्भ सोडायचे आणखी चाळीस-साठ हजार. सगळं धरलं की एका फेरीला दोन-अडीच लाख होतात. दात्या स्त्रीचं बीज लागलं तर तिच्या वर्षभराच्या विम्यासह वेगळी रक्कम.

बिलावर जीएसटी लावला असेल तर विचारा. आयव्हीएफ ही आरोग्यसेवाच आहे आणि तिला जीएसटी माफ आहे, असं केंद्रानं ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

मग जादाच्या गोष्टी पुढे येतात. गर्भाशयाच्या अस्तराची विशेष तपासणी, गर्भाचं कवच पातळ करणं, पीआरपी, गर्भाची जनुकीय चाचणी. प्रत्येकीचे दहा हजारांपासून लाखापर्यंत. काही जोडप्यांना त्यातलं काही खरंच लागतं, पण पहिल्याच फेरीत सगळ्यांना सगळं लावण्याइतका पुरावा त्यांच्यामागे नाही. 'हे केल्यानं माझ्या वयाच्या बाईचं बाळंत होण्याचं प्रमाण किती वाढतं?' एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर आकड्यात आलं नाही तर पैसे राखून ठेवा.

यशाच्या टक्केवारीचंही तसंच. 'सत्तर टक्के यश' हे कशाचं? रक्ततपासणी पॉझिटिव्ह येण्याचं, सोनोग्राफीत ठोके दिसण्याचं, की बाळ घरी येण्याचं? सुरू केलेल्या फेऱ्यांतलं, की गर्भ सोडण्यापर्यंत पोहोचलेल्यांतलं? पस्तिशीच्या आत चांगल्या केंद्रात गर्भ सोडल्यावर साधारण तीनात एक ते पाचात दोन एवढ्या बायकांचं बाळ घरी येतं. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजानं हे प्रमाण दहात एकाच्या आसपास उतरतं. म्हणून एका फेरीचे पैसे जमले की सुरू करायचं, हा हिशेब चुकीचा ठरतो.

पैसे उभे करण्याची पायरी इथे येते, आणि इथे सर्वांत मोठी चूक होते ती मर्यादा न ठरवण्याची. सुरू करण्याआधी दोघांनी बसून रक्कम लिहून ठेवा. उदाहरणार्थ चार लाख, आणि गर्भ सोडण्याच्या दोन-तीन वेळा. त्यापुढे थांबून विचार. पहिली फेरी फसली की 'आता फक्त थोडंच राहिलंय' असं वाटतं आणि जमीन काढायची भाषा सुरू होते. निर्णय घेण्याची ती वेळ नव्हे. दुसऱ्या फेरीत डॉक्टर वेगळं काय करणार, हे लेखी असल्याशिवाय पैसे भरू नका.

दवाखान्यातच बसलेला फायनान्सवाला बिनव्याजी हप्ता सांगतो. प्रोसेसिंग फी विचारा. आणि उपचार मध्येच थांबला तर काय, तेही विचारा. कर्जाची रक्कम थेट दवाखान्याकडे गेलेली असते, हप्ता मात्र आपला चालूच राहतो. सोनं मोडण्यापेक्षा बँकेत तारण ठेवणं बरं, सावकारापेक्षा तर कितीतरी. शेतकरी घरं कापूस विकून हातात पैसा आला की, दिवाळीनंतर, उपचार धरतात. ते बरोबरच आहे. मात्र वय छत्तीस-सदतीस असेल तर एका हंगामासाठी थांबणंही महाग पडू शकतं.

प्रत्यक्ष फेरी अशी चालते. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज पोटावर इंजेक्शन, साधारण दहा-बारा दिवस, जवळपास ठरलेल्या वेळी. मध्ये तीन-चार सोनोग्राफी. बरीच इंजेक्शनं दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात. धुळ्याच्या उन्हाळ्यात नाशिकहून बसनं ती आणायची तर बर्फाच्या थैल्या घातलेला डबा लागतो, आणि औषध बर्फाला चिकटून गोठू नये म्हणून मध्ये टॉवेलाची घडी. गोठलेलं इंजेक्शनही वाया आणि तापलेलंही. एकेकाची किंमत हजारांत असते. घरी फ्रीजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात ठेवा, आणि लोडशेडिंग किती वेळ चालतं त्याचा अंदाज घ्या. टोचायचं कोण, हे आधी ठरवा. शेजारची नर्स चालते, पण नवऱ्यानं शिकून घेतलं तर गावभर चर्चा होत नाही.

एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे येण्या-जाण्याचा खर्च निम्म्यानं नाही तरी बराच उतरतो. मजुरीचे बुडालेले दिवस मात्र कुणीच धरत नाही. तेही एस्टिमेटच्या कागदाखाली लिहा.

बीजं पिकली की शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर चौतीस-छत्तीस तासांनी भूल देऊन बीज काढतात. हे इंजेक्शन रात्री ठरलेल्या मिनिटाला द्यायचं असतं. ते चुकलं तर सगळी फेरी जाऊ शकते. बीज काढल्यानंतरच्या दिवसांत पोट फुगणं, सारखी उलटी, लघवी कमी होणं, दम लागणं यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. बीजाशय जास्त चेतवलं गेल्याची ही लक्षणं आहेत. यासाठी भरती झाल्यास विमा कंपनी 'वगळलेल्या उपचारातून उद्भवलेलं' म्हणून हात वर करू शकते. म्हणून वीस-तीस हजार बाजूला असू द्यावेत.

प्रयोगशाळेत गर्भ पाच दिवस वाढवतात. दहा बीजांतून सहा-सात फलित होतात आणि पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन टिकतात. ही गळती नैसर्गिक आहे, पण आधी सांगितलेली नसेल तर रोजच्या फोनगणिक जोडपं खचतं. सोडताना 'दोन सोडा, जुळी झाली तर एका खर्चात दोन' असा विचार करू नका. जुळी बाळं बहुतेकदा लवकर जन्मतात, आणि नवजात अतिदक्षता विभागातल्या काचेच्या पेटीचं भाडं दिवसाला मोजतात. एक चांगला गर्भ असेल तर एकच सोडायचा आग्रह धरा.

गर्भ सोडल्यावर नाशिकला खोली घेऊन पंधरा दिवस झोपून राहणाऱ्या बायका आहेत. त्याची गरज नाही. पडून राहिल्यानं यश वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. जड उचलू नका, बाकी घरी या, चाला-फिरा. मात्र साधारण चौदाव्या दिवसापर्यंत घरच्या किटवर लघवी तपासू नका. ताज्या फेरीत शेवटच्या इंजेक्शनातलं संप्रेरक अंगात राहतं, त्यामुळे किट खोटी आशा दाखवू शकतं. रक्ताची बीटा एचसीजी हीच तपासणी धरा.

या दोन आठवड्यांत पैशांपेक्षा मन जास्त खर्च होतं. त्याचा हिशेब कुठल्या पावतीत येत नाही, म्हणून तो घरात मांडायला हवा. इंजेक्शनं टोचली जातात बाईच्या पोटावर, आणि डोहाळजेवणाला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला 'तिला नको बोलवू' ही कुजबुजही तिच्याच वाट्याला. नवऱ्याचा रिपोर्ट खराब असला तरी गावात नाव तिचंच घेतलं जातं. माझ्या मते घरच्या मोठ्यांना रिपोर्ट नवऱ्यानं स्वतः सांगावा. त्याला पैसा लागत नाही, आणि बायकोवरचा निम्मा भार तिथेच उतरतो.

सगळ्यांना सांगू नका, कुणालाच न सांगणंही करू नका. एक माणूस निवडा, बहीण, मावशी, मैत्रीण, कुणीही. निकालाच्या दिवशी फोन कोण करणार आणि कुठे बसून ऐकणार, हे दोघांनी आदल्या रात्री ठरवा. निकाल नाही आला तर पुढची फेरी लगेच नको. दोन-तीन पाळ्या जाऊ द्या. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नको वाटलं तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालतं.

आणि घरातूनच छळ होत असेल तर तोही गुन्हेगारी पातळीवर जाईपर्यंत सहन करायचा नसतो. मूल नाही म्हणून टोमणे मारणं, अपमान करणं हे २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शब्दशः लिहिलेलं आहे. १८१ या क्रमांकावर मदत मिळते.

दिवस राहिले तर पुन्हा पॉलिसीची पुस्तिका काढा. बाळंतपणाचा भाग वेगळा असतो आणि त्याला नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत प्रतीक्षा असते, म्हणजे तो उपचाराच्या आधीच घेतलेला हवा. आयव्हीएफचं बाळ असलं तरी बाळंतपण सरकारी रुग्णालयात होतं. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही होतं. सगळे पैसे संपल्यावर सिझेरियनसाठी पुन्हा कर्ज काढू नका.

मर्यादा गाठली आणि मूल राहिलं नाही, तर दत्तकाची नोंदणी 'कारा'च्या पोर्टलवर करता येते. प्रतीक्षा काही वर्षांची असते, त्यामुळे ती उपचार चालू असतानाच सुरू करणारी जोडपीही आहेत. दोन्ही रस्ते एकमेकांच्या आड येत नाहीत.

सरकारी आयव्हीएफ अजिबात नाही असं नाही. गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते मोफत सुरू झालं आहे, मुंबईच्या कामा रुग्णालयातही केंद्र आहे. धुळ्याहून कामापर्यंत जाणं, तिथे राहणं आणि रांग हे धरूनही काहींना ते परवडतं. मुंबईत नातेवाईक असतील तर आधी तिथे चौकशी करा.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून आयव्हीएफचं बाळ जन्माला आलं, ते सरकारी संशोधन संस्थेच्या साथीनं, महापालिकेच्या रुग्णालयात. परळची तीच संस्था आज राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या अभ्यासात एका फेरीचा खिशातून होणारा खर्च सरकारी रुग्णालयातही लाखाच्या वर आणि खासगीत सव्वादोन लाखांच्या वर निघाला, आणि आयुष्मान योजनेत सुमारे ८१,००० रुपयांचं पॅकेज ठेवावं अशी शिफारस तिनं केली. आमदार-खासदारांकडे रस्त्याचं निवेदन घेऊन जाताना त्यात ही एक ओळ वाढवा. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या स्तराचं केंद्र मागायला हरकत नाही.